बालहक्कांचा कायदा आपल्या मुलांनी का शिकावा?

संस्थेच्या स्मरणिकेत ऋणनिर्देश असावा, जुन्या गुरुजनांचे स्मरण असावे, वास्तूच्या उभारणीचा इतिहास असावा, हे रीतीला धरूनच आहे. अन्य लेखांतून ते कार्य होईलच. आम्ही, या शाळेचे माजी विद्यार्थी आणि आज कायद्याच्या क्षेत्रात वावरणारे, या संधीचा उपयोग एका सूचनेसाठी करीत आहोत. येथून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी काहींनी विद्यापीठात जाऊन आंतरराष्ट्रीय बालहक्क कायद्याचे रीतसर अध्ययन करावे आणि समाजाने त्यांच्या पाठीशी उभे राहावे, असे आमचे मत आहे. त्यामागची कारणे, त्यावर घेतले जाणारे आक्षेप आणि या अध्ययनाचा खुद्द आपल्या शाळेवर होणारा परिणाम, या तिन्हींचा विचार पुढे केला आहे.

आपल्या वस्त्यांमध्ये मूल हुशार निघाले की घरात डॉक्टरकी आणि अभियांत्रिकी या दोन वाटांची चर्चा होते. तिसरी वाट स्पर्धा परीक्षांची. वकिलीकडे वळणारेही आहेत. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील खटले लढविणारे, जमिनीच्या वादात गरिबाची बाजू घेणारे आपले वकीलबंधू आणि वकीलभगिनी जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत आणि त्यांच्या कार्याविषयी आम्हांस आदर आहे. परंतु बालक हा ज्याचा केंद्रबिंदू आहे, असा कायदा अभ्यासणारे आपल्यात अगदी विरळा. ज्या समाजाच्या मुलांना शाळेच्या दाराबाहेर बसविले गेले, त्या समाजाने मुलांच्या हक्कांचे शास्त्र इतरांच्या हाती सोपवून स्वस्थ बसावे, हे योग्य नव्हे.

हे शास्त्र तसे तरुण आहे. पहिल्या महायुद्धानंतर नाकेबंदीमुळे ऑस्ट्रिया व जर्मनीतील मुले उपाशी मरत होती. शत्रुराष्ट्राच्या मुलांसाठी अन्न मागणारी पत्रके लंडनमध्ये वाटली, म्हणून १९१९ साली एग्लंटाइन जेब या बाईंना अटक झाली आणि पाच पौंडांचा दंड झाला. त्याच वर्षी त्यांनी ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था स्थापन केली. त्यांनी तयार केलेला पाच कलमांचा जाहीरनामा राष्ट्रसंघाने सप्टेंबर १९२४ मध्ये जिनिव्हा येथे स्वीकारला. मुलांविषयी साऱ्या राष्ट्रांचे काही कर्तव्य आहे, असे आंतरराष्ट्रीय दस्तऐवजात प्रथमच लिहिले गेले.

१९२४ हे साल आपल्या वाचकांना अन्य कारणांनीही ठाऊक आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. त्याच १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींची मुले एकत्र राहतील असे बोर्डिंग सुरू केले. जिनिव्हातील मुत्सद्द्यांना सोलापूर-साताऱ्याची वार्ता नव्हती. तरीही मूल वाचावे, शिकावे, माणूस म्हणून उभे राहावे, हा विचार एकाच काळात दोन्हीकडे आकार घेत होता. आपली निवासी शाळा ही सोलापूर-साताऱ्याच्या परंपरेतली आहे. त्या परंपरेचे जिनिव्हाच्या परंपरेशी असलेले नाते ओळखणारे अभ्यासक आपल्याला हवे आहेत.

जिनिव्हाच्या जाहीरनाम्यात मूल हे घेणारे होते. त्याला स्वतःचे म्हणणे असते, हे त्यात नव्हते. ती उणीव पोलंडमधील यानुश कोर्चाक या डॉक्टरांनी प्रत्यक्ष कृतीने भरून काढली. वॉर्सा शहरात १९१२ पासून ते ज्यू मुलांचे अनाथालय चालवीत. तेथे मुलांचे स्वतःचे न्यायालय होते. न्यायाधीश मुलेच असत आणि मोठ्यांनाही तेथे उत्तर द्यावे लागे. पुढे नाझींनी ज्यूंना घेट्टोत कोंडले. जुलै १९४२ मध्ये त्या उपासमारीतही अनाथालयातील मुलांनी रवींद्रनाथ ठाकुरांचे ‘डाकघर’ हे नाटक सादर केले. ऑगस्टमध्ये सुमारे दोनशे मुलांसह कोर्चाक यांना ट्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत नेण्यात आले. स्वतःचा जीव वाचविण्याची संधी असूनही त्यांनी मुलांची साथ सोडली नाही. पुढे १९७८ मध्ये मुलांच्या हक्कांसाठी बंधनकारक करार असावा, असा प्रस्ताव संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडला तो याच पोलंडने. दहा वर्षांहून अधिक काळ मसुद्यावर खल झाला आणि २० नोव्हेंबर १९८९ रोजी आमसभेने बालहक्क संहिता संमत केली. २ सप्टेंबर १९९० पासून ती अमलात आली. आज १९६ पक्षांनी ती स्वीकारली आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सदस्यांपैकी एकट्या अमेरिकेने, १९९५ साली सही करूनही, तिला अंतिम मान्यता दिलेली नाही.

भारताने ही संहिता ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली. तिचे ५४ अनुच्छेद आहेत. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक. कोणत्याही बालकाशी भेदभाव नाही. प्रत्येक निर्णयात बालकाच्या सर्वोत्तम हिताला प्राधान्य. जीवन आणि विकास यांची हमी. आणि बालकाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा व ते गांभीर्याने विचारात घेतले जाण्याचा हक्क, हे तिचे आधारस्तंभ. आपल्या देशातील २००५ चा बालहक्क संरक्षण आयोग अधिनियम, २०१२ चा पोक्सो आणि २०१५ चा बाल न्याय अधिनियम या तिघांच्याही उद्देशिकेत या संहितेचा उल्लेख आहे. म्हणजे जिनिव्हाचा कायदा जिल्हा न्यायालयापर्यंत आधीच पोहोचला आहे. तो वाचणारे तेवढे हवे आहेत.

विद्यापीठात हा विषय शिकताना विद्यार्थी नेमके काय करतो? तो अंतर शोधावयास शिकतो : कागद आणि वास्तव यांतील अंतर, एका कायद्यातील व दुसऱ्या कायद्यातील अंतर. संहिता अठरा वर्षांपर्यंत बालक मानते. आपला २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षे वयापर्यंतच सक्तीच्या व मोफत शिक्षणाची हमी देतो. आठवी झाल्यावर मुलगी घरी बसते, तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात, ती या चार वर्षांच्या फटीत. संहिता स्वीकारताना बालमजुरीविषयीच्या अनुच्छेद ३२ बाबत भारताने निवेदन जोडले, की सर्व क्षेत्रांत किमान वयाची अट तत्काळ लागू करणे व्यवहार्य नसून ती क्रमाक्रमाने लागू केली जाईल. पुढे २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी आली. मात्र शाळेच्या वेळेनंतर वा सुट्टीत कुटुंबाच्या व्यवसायात मदत करण्यास मुभा राहिली. ही मुभा कोणाच्या मुलांच्या वाट्याला येते, हे वीटभट्टीवर आणि विडीच्या कामात ज्यांची घरे आहेत, त्यांना सांगावयास नको.

या अभ्यासातील एक निवाडा आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. झेक प्रजासत्ताकातील ओस्त्रावा शहरात रोमा, म्हणजे युरोपात पिढ्यानपिढ्या हिणविल्या गेलेल्या समाजाच्या अठरा मुलांनी दाद मागितली. त्यांना मतिमंद मुलांसाठीच्या विशेष शाळांत घातले गेले होते. कायद्यात ‘रोमा’ असा शब्दही नव्हता; चाचणी सर्वांना सारखीच होती; पालकांची संमतीही घेतलेली होती. स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयात २००६ मध्ये ही मुले हरली. ती थांबली नाहीत. याचिकेतील आकडेवारीनुसार त्या शहरात रोमा मूल विशेष शाळेत जाण्याची शक्यता इतर मुलापेक्षा सत्तावीस पट होती. १३ नोव्हेंबर २००७ रोजी त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने निर्णय फिरविला. नियम वरकरणी तटस्थ असला, तरी त्याचा भार एकाच समाजावर पडत असेल, तर तोही भेदभावच. आणि आपल्या हक्कावर पाणी सोडणारी पालकांची संमती येथे ग्राह्य धरता येत नाही, असे पीठाने म्हटले. वर्गात मागच्या बाकावर कोण बसते, शौचालय कोणाला साफ करावयास लावतात, गळती कोणाची होते, या प्रश्नांना ‘शाळेत जातपात पाळत नाही’ एवढेच उत्तर ज्यांनी ऐकले आहे, त्यांना या निवाड्याचे मोल वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. संहितेच्या दुसऱ्या अनुच्छेदात ‘जात’ हा शब्द नाही; ‘सामाजिक उगम’ आणि ‘जन्म’ हे शब्द आहेत. त्या शब्दांत जातीचा अनुभव किती आणि कसा मावतो, हे जगापुढे मांडण्याचे काम ज्यांनी तो अनुभव घेतला आहे त्यांनी करावे. परानुभूतीने लिहिणारे पुष्कळ आहेत.

आता अधिक कठीण प्रश्नाकडे येऊ. संहितेचा नववा अनुच्छेद म्हणतो की बालकाला त्याच्या हिताखेरीज अन्य कारणाने आईवडिलांपासून दूर करू नये. अठ्ठाविसावा शिक्षणाचा हक्क देतो. निवासी शाळा या दोहोंच्या मधोमध उभी आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचे उदाहरण घ्यावे. उचल घेतलेली जोडपी हंगाम सुरू होताच पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जातात. मूल बरोबर नेले तर त्याची शाळा बुडते. मागे ठेवले तर ते आजीजवळ, हंगामी वसतिगृहात किंवा आपल्यासारख्या निवासी शाळेत राहते. येथे कोणता हक्क मोठा? कायद्याचा अभ्यास या प्रश्नाचे तयार उत्तर देत नाही. तो विचारण्याची पद्धत देतो. मुलाला विचारले का? आईवडिलांशी त्याचा संपर्क कसा राहील? आणि सर्वांत मूळचा प्रश्न, आईबाप आणि शाळा यांपैकी एकाचीच निवड करण्याची पाळी मुलावर आणणारी ही व्यवस्था किती काळ चालू द्यावयाची? आपली शाळा नाइलाजातून जन्मली, ही वस्तुस्थिती आहे. तिच्या कार्याचा गौरव करताना त्या नाइलाजाचा विसर पडू नये.

या विषयावर तीन आक्षेप आमच्या कानी येतात.

पहिला, ही पाश्चात्त्यांची कल्पना आहे. वस्तुस्थिती तशी नाही. १८५५ साली महात्मा फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. संहितेच्या बाराव्या अनुच्छेदाआधी शंभराहून अधिक वर्षे पुण्यात एका शाळकरी मुलीने आपल्या समाजाशी संबंधित बाबीत मत मांडले होते आणि ते छापले गेले होते. त्याहून मागे जावयाचे तर विनयपिटकात दोन प्रसंग आहेत. राहुलाला प्रव्रज्या दिल्यावर शुद्धोदनाने आपले दुःख तथागतांपुढे मांडले; तेव्हा आईवडिलांच्या अनुमतीवाचून कोणालाही प्रव्रज्या देऊ नये, असा नियम झाला. राजगृहात सतरा मुलांना उपसंपदा दिली गेली आणि ती पहाटे उठून भुकेने रडू लागली. भगवंतांनी तो आवाज ऐकला, चौकशी केली आणि वीस वर्षांखालील व्यक्तीस उपसंपदा देऊ नये, असा नियम घालून दिला. संस्था मोठी, तिचे कार्य थोर. तरीही मुलांचे रडणे कानी पडताच संस्थेने स्वतःचा नियम बदलला. बौद्ध व्यवस्थापनाच्या शाळेला याहून जवळचा दाखला कोणता हवा?

दुसरा आक्षेप असा, की हक्क शिकविले की मुले उद्धट होतात, शिस्त बिघडते. हा आक्षेप प्रामाणिक शिक्षकांकडूनही येतो, म्हणून त्याचे नीट उत्तर दिले पाहिजे. संहितेचा पाचवा अनुच्छेद आईवडिलांचा आणि पालनकर्त्यांचा मार्गदर्शनाचा अधिकार स्पष्टपणे मान्य करतो. मुलाच्या वाढत्या समजेनुसार तो वापरावा, एवढेच सांगतो. मार मात्र शिस्तीत मोडत नाही. शिक्षणहक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई करते. निवासी शाळेत तर ही बाब अधिक नाजूक असते. दिवसाच्या शाळेतील मूल सायंकाळी आईच्या कुशीत जाऊन रडू शकते. येथील मुलाची सायंकाळही त्याच भिंतींच्या आत होते. ज्याच्याकडून ताट मिळते, त्याच्याविरुद्ध बोलणे मुलाला जवळजवळ अशक्य असते, विशेषतः ‘संस्थेचे उपकार विसरू नकोस’ हे वाक्य ते रोज ऐकत असेल तर. कृतज्ञता हा थोर गुण आहे. पण ती मुलाच्या तोंडावर ठेवलेला हात होऊ नये. अन्न, शिक्षण आणि सुरक्षितता हे त्या मुलाला मिळालेले दान नसून त्याचे देणे आहे, ही जाणीव ज्या संस्थेत असते, तिला मुलांच्या कृतज्ञतेची मागणी करावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते. निवासी संस्थांत काही अघटित घडले, तर ‘समाजाची बदनामी होईल’ या भीतीने ते झाकण्याकडे कल असतो. आधीच आपल्याकडे बोटे दाखविणारे पुष्कळ आहेत, ही भीती खोटी नाही. परंतु पोक्सो कायद्यान्वये लैंगिक अपराधाची माहिती असूनही ती न कळविणे हाच गुन्हा आहे आणि संस्थेच्या प्रमुखासाठी त्यातून सुटका नाही. संस्थेचे नाव आणि एका मुलाची सुरक्षितता यांत तोलाचा प्रश्न आला, तर पारडे कोणत्या बाजूस झुकावे, याविषयी कायद्यात संदिग्धता नाही आणि धम्मातही नाही.

तिसरा आक्षेप पोटापाण्याचा, आणि तो सर्वांत रास्त आहे. या क्षेत्रात डॉक्टर वा अभियंता यांच्याइतके उत्पन्न सहसा मिळत नाही, हे पालकांनी आधीच जाणून घ्यावे. तथापि वाट बंद नाही. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून करता येतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी ‘क्लॅट’ ही परीक्षा आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयात बालक आणि कायदा या विषयाला वाहिलेले केंद्र आहे. पुढे नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठात आंतरराष्ट्रीय बालहक्क कायद्याची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी आहे. जिनिव्हा विद्यापीठात बालहक्कांचा आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रम आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. बाबासाहेब १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीवर परदेशी शिकण्यात आपल्याला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. तो आपला वारसा आहे. परत आल्यावर बाल न्याय मंडळे, बालकल्याण समित्या, विधी सेवा प्राधिकरणे, बालहक्क आयोग, अध्यापन आणि वकिली अशी कामे आहेत. प्रत्येक जिल्ह्याला अशा जाणत्या माणसांची गरज आहे.

म्हणून आमच्या सूचना अगदी मोजक्या आहेत. माजी विद्यार्थी संघाने दरवर्षी कायद्याकडे वळू इच्छिणाऱ्या निदान एका विद्यार्थ्याच्या वा विद्यार्थिनीच्या प्रवेश परीक्षेची तयारी आणि पुस्तके यांचा भार उचलावा. शाळेच्या ग्रंथालयात संहितेची मराठी प्रत मुलांच्या हाताला येईल अशा फडताळात ठेवावी. शाळेत मुलांनी निवडलेल्या प्रतिनिधींची बालसभा नियमित भरावी आणि तिच्या ठरावांना व्यवस्थापनाने लेखी उत्तर द्यावे. भोजनापासून सुट्ट्यांपर्यंत कोणताही विषय तेथे वर्ज्य नसावा. तक्रारपेटीची किल्ली गृहपालांकडे न ठेवता संस्थेबाहेरील विश्वासू व्यक्तीकडे, शक्यतो एखाद्या महिलेकडे असावी. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक भोजनगृहाच्या भिंतीवर ठळक लिहावा आणि तेथून फोन करण्याची सोय असावी. पालकांनीही सुट्टीत मूल घरी आल्यावर गुण किती पडले, याआधी तेथे तुझे कोण ऐकते, असे त्याला विचारावे.

यातील कोणत्याही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. लागते ते एवढेच, की मुलाने विचारलेल्या प्रश्नाने आपली प्रतिष्ठा कमी होते, ही समजूत मोठ्यांनी सोडावी. अशा शाळेत वाढलेली मुलगी उद्या लायडनला वा जिनिव्हाला गेली, तर संहितेचा बारावा अनुच्छेद तिला पुस्तकात प्रथम भेटणार नाही. बालसभेत उभी राहून बोलताना तो तिने जगलेला असेल. आणि ती शिकून परतल्यावर तिने सर्वप्रथम आपल्याच शाळेचे नियम तपासावयास घेतले, तर व्यवस्थापनाने तिला खुर्ची द्यावी, दप्तर उघडून द्यावे आणि तिचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे, अशी आमची विनंती आहे.